बागेच्या कामाचं कोटेशन: मालाला हात किती वेळा लागतो ते आधी मोजा

प्रश्न: दीड वर्षापासून मी बागा तयार करून देण्याची कामं अंगावर घेतो. मालाचा खर्च काढतो, माणसांचा रोज धरतो आणि एकूण बेरजेवर 20 टक्के चढवून आकडा सांगतो. कामं मिळतात, लोक खूश असतात, पण काम उरकल्यावर हातात जवळपास काही राहत नाही. दोनदा तर पदरमोड झाली. माल आणि मजुरी नेमकी कशी धरावी?

उत्तर:

20 टक्क्यांचं नंतर बघू. मला आधी खटकलं ते हे, की तुम्ही माल एका बाजूला मोजता आणि माणसं दुसऱ्या बाजूला. माल टेपने मोजला जातो आणि माणसं मात्र "तिघं जण, चार दिवस" अशी डोळ्यांनी धरली जातात. तूट येते ती बहुतेक वेळा इथूनच. बागेच्या कामात मजुरीचा मोठा भाग लावण्यात जात नाही, उचलण्यात आणि वाहण्यात जातो. म्हणजे माल किती हे कळलं की मजुरीही बरीचशी त्यातूनच निघते. फक्त एक प्रश्न विचारायचा: या मालाला गाडीतून उतरल्यापासून जागेवर बसेपर्यंत हात किती वेळा लागणार?

एक उदाहरण करून दाखवते. घराच्या मागचं अंगण 12 बाय 8 मीटर, म्हणजे 96 चौरस मीटर. 12 मीटरच्या एका बाजूला दीड मीटर रुंदीचा झुडपांचा वाफा, तो 18 चौरस मीटर. उरलेल्या 78 चौरस मीटरवर लॉन. सगळीकडे 10 सेंटिमीटर चांगली माती पसरायची आहे. 96 गुणिले 0.10 म्हणजे 9.6 घनमीटर. बरेच जण इथेच थांबतात आणि तेवढीच माती मागवतात. पण मोकळी आलेली माती पाणी पडल्यावर बसते. 10 सेंटिमीटर हवी असेल तर 15 ते 20 टक्के जास्त धरावी लागते. 20 टक्के धरले तर साधारण साडेअकरा घनमीटर. ओलसर मातीचं वजन घनमीटरला सव्वा-दीड टनाच्या आसपास भरतं, म्हणजे 15 टनांच्या पुढेमागे माल. गाडीच्या किती खेपा लागतील, आणि तेवढी जड गाडी दारापर्यंत पोचेल का, हे याच आकड्यावर ठरतं.

आता गाडी दारात थांबली आणि मागचं अंगण 35 मीटर आत आहे, मधे घराच्या कडेची बोळ. एकचाकी ढकलगाडीत व्यवस्थित भरून साधारण 70 लिटर माती मावते. साडेअकरा घनमीटर म्हणजे 11,500 लिटर, त्याला 70 ने भागा: 164 खेपा. भरायला अडीच मिनिटं, जाऊन ओतून परत यायला तितकाच वेळ, म्हणजे खेपेला पाच मिनिटं. 820 मिनिटं झाली, पावणेचौदा तास. दोन माणसांचा एक अख्खा दिवस केवळ माती आत नेण्यात गेला, अजून दाताळं हातात घेतलेलं नाही. बोळीत दोन पायऱ्या असतील किंवा दरवाजा ढकलगाडीपेक्षा अरुंद असेल तर घमेल्यांनी न्यावी लागेल, आणि मग हा हिशेब दुपटीवर जातो. याउलट गाडी थेट अंगणाच्या कडेला ओतू शकत असेल तर हे पावणेचौदा तास जवळजवळ नाहीसेच होतात. माल तोच आणि बागही तीच, कोटेशन मात्र वेगळं निघायला हवं.

म्हणून जागा बघायला गेल्यावर मी पहिला टेप दरवाजाला लावते, अंगणाला नंतर. दरवाजाची रुंदी, पायऱ्या, गाडी थांबण्याच्या जागेपासूनचं अंतर, माल ओतून ठेवायला मोकळी जागा आहे का, पाण्याचा नळ कुठे आहे, निघालेली माती नि फांद्या कुठून बाहेर जाणार, एवढं वहीत उतरवल्याशिवाय मी आकडा देत नाही. फोटोवरून तर अजिबातच नाही. फोटोत बोळ दिसत नाही.

माती काढून टाकायची असेल तर उलटी गंमत होते. जमिनीत घट्ट बसलेली माती खणली की फुगते, साधारण 25 ते 30 टक्क्यांनी, चिकणमाती असेल तर त्याहून जास्त. 9.6 घनमीटर खणलीत तर बाहेर 12 घनमीटरहून अधिक ढीग उभा राहतो आणि वाहतुकीचं भाडं त्या ढिगाचं द्यावं लागतं, खड्ड्याचं नाही. कापलेल्या फांद्यांचं तर विचारूच नका. त्या वजनाला हलक्या, पण गाडी भरून टाकतात. त्या तुकडे करून भरायच्या की तशाच, हे आधी ठरवा. तुकडे करण्याला तास लागतात आणि तशाच भरल्या तर खेपा वाढतात. दोन्हींपैकी एक खर्च कोटेशनमध्ये हवाच, बहुतेक नवीन लोक दोन्ही विसरतात.

रोपांच्या संख्येतही अंदाज नको. 30 सेंटिमीटर अंतराने चौकोनी मांडणीत चौरस मीटरला 11 रोपं बसतात. तीच 30 सेंटिमीटरवर त्रिकोणी मांडणीत, म्हणजे एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधे येईल अशी लावली, तर पावणेतेरा. आपल्या 18 चौरस मीटरच्या वाफ्यात हा फरक 200 आणि 230 चा झाला. 30 रोपं, त्यांचे 30 खड्डे, 30 वेळा पाणी. मांडणी कोणती हे कागदावर न ठरवता आकडा दिला तर ही 30 रोपं तुमच्या खिशातून जातात. मोठ्या झाडांच्या खड्ड्यांचंही तेच. 60 सेंटिमीटरचा चौरस खड्डा तेवढाच खोल केला तर 0.22 घनमीटर माती निघते. कोणी सहज म्हणालं, "जरा मोठा घ्या, 90 चा करा", तर 0.73 निघते. बोलताना दीडपट वाटतं, फावड्याला तिपटीहून जास्त पडतं.

लॉनच्या तयार चटया सरळ कडांच्या जागेत 5 टक्के आणि वळणदार कडांत 10 टक्के जादा धराव्यात. वाफ्यावरचं आच्छादन 5 सेंटिमीटर धरलं तर 18 चौरस मीटरला 0.9 घनमीटर लागतं. साडेसात सेंटिमीटर धरलं तर 1.35. जाडी लिहून द्या.

आता मालाचा दर. नर्सरीने सांगितलेली किंमत म्हणजे तुमचा मालाचा खर्च नाही. त्यावर वाहतूक येते, चढवण्या-उतरवण्याची हमाली येते, वाटेत मोडलेली आणि कुंडीतून मुळं सुटलेली रोपं येतात, आणि लावल्यानंतर मरणारी रोपं येतात. रोप जगण्याची हमी देत असाल तर 5 ते 10 टक्के रोपं बदलून द्यावी लागतील असं धरूनच चाला. आणि बदलायची तर रोपाच्या किमतीबरोबर पुन्हा जाण्याची फेरी आणि माणसाचा वेळही आला. घाऊक घेणाऱ्याला नर्सरी जी सूट देते ती मी ग्राहकाला जशीच्या तशी पुढे देत नाही, आणि त्यात मला जराही संकोच वाटत नाही. दोनशे रोपांतून मुळं गुंडाळलेली, खोडाला कीड लागलेली बाजूला काढणं, ती सावलीत ठेवणं, लावेपर्यंत दोन वेळा पाणी घालणं, हे सगळं काम आहे आणि त्याचं मोल त्या सुटीतून येतं.

मजुरीकडे येऊ. माणूस आठ तासांसाठी येतो, पण हत्यारं काढणं, आवरणं, विश्रांती, पाणी पिणं, मालाची वाट बघणं वजा केलं की प्रत्यक्ष काम साडेसहा तासांचं होतं. हे कामचुकारपणाचं नाही. उन्हात पहार चालवणाऱ्या माणसाला बसावंच लागतं आणि त्याने बसायलाच हवं. रोज 100 धरला तर आठ तासांनी भागून तास साडेबाराला पडतो. साडेसहाने भागलं तर 15.4 ला. फरक 23 टक्क्यांचा. तुमचे 20 टक्के कुठे गेले असा प्रश्न पडला असेल तर ते बहुधा इथेच संपले, आणि त्यात विमा, हातमोजे, बूट, येण्याजाण्याचं भाडं अजून धरलेलंच नाही. या गोष्टी रोजावर चढवून मगच तासाचा खरा दर काढा. त्यात काटकसर करून काम मिळवू नका, ही माझी कळकळीची विनंती. ज्याच्या हातून बाग उभी राहते त्याचा रोज कापून दिलेलं कोटेशन मला कधीच पटलेलं नाही. आणि हातचा कसबी माणूस खाडे करायला लागला की तुमचं सगळंच गणित कोसळतं.

तुमचा स्वतःचा तास याहून महाग असतो. तो काढायला वर्षाचे दिवस घ्या. 365 मधून आठवड्याच्या सुट्ट्या 52 गेल्या, राहिले 313. इतर सुट्ट्या 15, आजारपण 8, पावसाने नि कडक उन्हाने वाया गेलेले 20, राहिले 270. जागा बघणं, कोटेशन लिहिणं, नर्सरीच्या चकरा, मशीनची दुरुस्ती, थकलेले पैसे मागत फिरणं यात 40 दिवस धरा. उरले 230. गुणिले साडेसहा, म्हणजे जेमतेम 1500 तास. हे आकडे माझ्या कामाच्या पद्धतीचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण काढून बघा. बहुतेक जण मनात 300 दिवस नि आठ तास, म्हणजे 2400 तास धरून बसलेले असतात. घरखर्च, वाहनाचा हप्ता, इंधन, फोन, हिशेबनिसाची फी हे वर्षाचं ओझं 2400 वर वाटलं काय आणि 1500 वर वाटलं काय, ओझं तेवढंच असतं. पण तासाचा दर 60 टक्क्यांनी बदलतो.

मशीनचंही असंच. गवत कापायचं यंत्र घेतलं की ते "आपलंच आहे" म्हणून फुकट धरलं जातं. खरेदीची किंमत, वजा विकताना येईल ती, भागिले ते किती तास चालेल ते तास, आणि वर इंधन, पाती, दोरी, दुरुस्ती. तासाचा हा आकडा छोटा येतो, पण तो न धरल्यामुळे नवीन यंत्र घ्यायच्या वेळी पैसे नसतात.

आता ते 20 टक्के. खर्च 100 आला, त्यावर 20 चढवले, 120 सांगितले. तुम्हाला वाटतं 20 टक्के सुटले. पण आलेल्या पैशांतले ते पावणेसतराच टक्के आहेत. 120 पैकी 20. मिळणाऱ्या रकमेत 20 टक्के उरायला हवे असतील तर 100 ला 0.80 ने भागायचं, 125 येतात. 30 टक्के हवे तर 0.70 ने भागा, जवळपास 143. मी नेहमी भागाकारानेच जाते, कारण सूट मागितली जाते ती अंतिम आकड्यावर. तुम्ही 100 सांगितले, त्यात खर्च 80, आणि समोरच्याने 10 टक्के कमी करा म्हटलं. देताना 10 दिले, पण तुमची निम्मी कमाई गेली. म्हणून घासाघीस सुरू झाली की मी किंमत कमी करत नाही, काम कमी करते. आच्छादन तुम्ही स्वतः पसरा, झुडपं एक आकार लहान घेऊ, दिव्यांचं काम पुढच्या टप्प्यात ठेवू. त्या माणसाचंही समाधान होतं आणि कागदावर का कमी झालं ते दिसतं.

जमिनीखाली काय आहे ते दिसत नाही, याचा फटका मी खाल्लेला आहे. एका नव्या घराचं अंगण. वरून माती इतकी छान, भुसभुशीत, काळसर, की मी तीन दिवसांचं खणकाम धरलं. पहिल्या दिवशी दुपारी फावडं 15 सेंटिमीटरवर खणकन वाजलं. खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे घट्ट झालेले गोळे, फरशांचे काठ, वायरींची भेंडोळी. बांधकामाचा सगळा राडारोडा तिथेच पसरून वर चांगल्या मातीची चादर ओढली होती. घरमालकाला याची कल्पनाच नव्हती, त्यांच्याकडे जास्त पैसे मागायला माझ्या कागदात एक ओळही नव्हती. आठ दिवस लागले आणि राडारोडा उचलायला तीन जादा गाड्या. मी दिलेला शब्द पाळला, माणसांचे रोज घरातून दिले. त्यानंतर मी पहार घेतल्याशिवाय जागा बघायला गेलेले नाही. चार ठिकाणी 40-45 सेंटिमीटर खोल ठोकून बघायला पंधरा मिनिटं लागतात. आणि कोटेशनमध्ये हे वाक्य ठेवते: "30 सेंटिमीटरपर्यंत साधी माती धरली आहे. खाली राडारोडा, खडक, जुनी मुळं किंवा पाइप निघाल्यास काम थांबवून आपल्याला दाखवू. पुढील खणकाम अमुक तासाच्या दराने आणि वाहतूक प्रत्यक्ष खेपांप्रमाणे होईल." हे वाक्य वाचून आजवर कोणी काम नाकारलेलं नाही.

अशा न दिसणाऱ्या भागासाठी उक्ता आकडा देऊच नका. दिसणारं काम उक्तं, न दिसणारं तासावर, हे दोन रकाने स्वच्छ वेगळे ठेवले की भांडण होत नाही.

समोरच्याला किती फोड करून दाखवायची, यावर मतं वेगवेगळी आहेत. मी तास दाखवत नाही आणि प्रत्येक रोपाचा दरही दाखवत नाही. एका एका ओळीवर घासाघीस सुरू होते आणि कामाचा एकसंध विचार हरवतो. पण वस्तू मात्र बारकाईने लिहिते: झाडाची जात, कुंडीचा आकार, उंची 90 ते 120 सेंटिमीटर, संख्या, मातीचं घनफळ, आच्छादनाची जाडी, कचरा कोण नेणार, पहिले किती दिवस पाणी कोण घालणार. कारण तुमच्यापेक्षा स्वस्त कोटेशन आलेलं असतं त्यात बहुधा रोपं गुडघ्याएवढी असतात आणि माती निम्मी. आकार लिहिले नाहीत तर दोन कागदांवर फक्त शेवटचे आकडे एकमेकांशी तोलले जातात.

"माल मी आणून देतो, तुम्ही फक्त मजुरी सांगा" असं म्हणणारे भेटतील. घ्या ते काम, हरकत नाही. पण तुमचा मालावरचा वाटा गेल्यामुळे वर्षाचं ओझं आता सगळं तासावर बसतं, तेव्हा तासाचा दर वाढवा. माल उशिरा आला तर थांबलेल्या माणसांचा रोज कोण देणार ते लिहा. आणि त्यांनी आणलेल्या रोपांची हमी देऊ नका.

पैशांचे टप्पे असे ठेवा की माल कधीही तुमच्या पैशांनी येणार नाही. कामाच्या आधी निदान मालाची पूर्ण रक्कम, मधे एक हप्ता, आणि काम दाखवून झाल्यावर उरलेले. कोटेशनची मुदत 15 ते 30 दिवस लिहा, रोपांचे आणि इंधनाचे दर हलतात. मधेच "एवढं एक झाड तिकडे हलवा ना" अशी मागणी आली तर हसतमुखाने हो म्हणा आणि तिथल्या तिथे मोबाइलवर दोन ओळींत काम नि रक्कम पाठवून होकार घ्या, मगच फावडं उचला.

नियमित देखभालीच्या कामाला वेगळी पद्धत लागते. गवत नि कुंपणाची झाडं वर्षभर सारखी वाढत नाहीत. एका महिन्याचा अंदाज घेऊन बाराने गुणू नका, प्रत्येक महिन्याचे तास वेगळे मांडून बेरीज करा आणि तिला बाराने भागा. नाहीतर वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला जावं लागतं आणि महिन्याचा आकडा मात्र सुस्त दिवसांचा असतो. लहान फुटकळ कामांना अर्ध्या दिवसाचा किमान आकार ठेवा. अर्ध्या तासाच्या छाटणीलाही जाणं-येणं लागतंच.

आता तुमच्यापुरतं सांगते. गेल्या दीड वर्षातली तीन कामं घ्या, एक बरं गेलेलं आणि ती दोन पदरमोडीची. प्रत्येकाचा माल घनमीटरमध्ये आणि नगांत मांडा, त्याच्या शेजारी गाडीपासूनचं अंतर लिहा, आणि माणसं एकूण किती तास होती ते आठवून किंवा हजेरीवरून काढा. मग धरलेले तास शेजारी लिहा. माझा अंदाज आहे की पदरमोडीच्या दोन्ही कामांत एकतर लांब वाहतूक निघेल किंवा खणकाम. पुढच्या कामापासून रोज संध्याकाळी हत्यारं धुताना पाच मिनिटं काढून त्या दिवशीचे तास तीन रकान्यांत टाका: वाहणं, खणणं, लावणं. आठ-दहा कामांनंतर एक घनमीटर माती 35 मीटर न्यायला तुमच्या माणसांना किती मिनिटं लागतात हे माझ्या ढकलगाडीवरून बघायची तुम्हाला गरज उरणार नाही. तोवर माझी पाच मिनिटं वापरा, बोळ अरुंद असेल तर आठ धरा.